व्हायब्रेनियम नसलेले वीर

२०१८ साली ‘ब्लॅक पँथर’ आला आणि काळा सुपरहिरो तिकीटबारीवर चालत नाही, ही हॉलिवूडची जुनी सबब निकालात निघाली. एक अब्ज डॉलरच्या वर धंदा झाला. आनंदच आहे. पण एवढा धंदा झाला तो एका राजाच्या जोरावर. या राजाच्या, टी’चालाच्या पाठीशी व्हायब्रेनियम या काल्पनिक धातूच्या खाणींचं वकांडा नावाचं अख्खं राज्य उभं करावं लागलं. गोरा स्पायडरमॅन पीटर पार्कर मात्र काकूच्या घरात राहून जग वाचवतो. काळ्या नायकाला ही श्रीमंतीची अट कशाला?

आफ्रिकेच्या लघुपटांनी ती अट केव्हाच धुडकावली होती. केनियाच्या वानुरी काहिऊ यांचा ‘पुम्झी’ २००९ चा, जेमतेम वीसेक मिनिटांचा. पाण्यावरून झालेल्या महायुद्धानंतर माणसं बंदिस्त वसाहतीत राहतात, लघवी आणि घाम गाळून पितात, यंत्रांवर अंगमेहनत करून वीज काढतात. संग्रहालयात काम करणाऱ्या आशाला मातीचा एक नमुना मिळतो. त्यात ओल असते! ती माती नाकाशी धरते, त्यात बी रुजवते. बाहेर जायची परवानगी नाकारतात, तर ती निसटते आणि भर वाळवंटात ते रोप लावते. जवळचं उरलंसुरलं पाणी त्याला घालते, मग अंगावरचा घाम पिळून घालते, आणि शेवटी स्वतःच्या देहाची सावली त्याच्यावर धरते. ना मुखवटा, ना चिलखत. याहून मोठा पराक्रम मला वकांडात दिसला नाही.

नुओटामा बोदोमो यांचा ‘आफ्रोनॉट्स’ (२०१४) तर खऱ्या माणसांवर बेतलेला आहे. १९६४ साली झांबिया स्वतंत्र होत होता, तेव्हा एडवर्ड मुकुका एन्कोलोसो हा शाळामास्तर चंद्रावर माणूस धाडायची तयारी करत होता. शिकाऊ अंतराळवीरांना तेलाच्या पिंपात बसवून उतारावरून गडगडत सोडायचा. परदेशी पत्रकारांनी त्याची यथेच्छ टिंगल केली. लघुपटात त्या टिंगलीचा मागमूस नाही. अमेरिकेचं अपोलो ११ यान सुटण्याच्या सुमारास चंद्राकडे निघालेल्या माथा या सतरा वर्षांच्या मुलीची भीती आणि तिच्यावर लादलेल्या स्वप्नाचं ओझं, दोन्ही त्यात गांभीर्याने येतं.

काळ्या माणसांचं भविष्य त्यांनी स्वतः रंगवायचं, या कलेला आफ्रोफ्युचरिझम म्हणतात. आपल्याकडे त्याची चर्चा वकांडापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. फिल्म सोसायट्यांनी हे दोन लघुपट एका संध्याकाळी लावावेत. दोन्ही मिळून पाऊण तासही लागत नाही, चर्चेला भरपूर वेळ उरेल.