कोपऱ्यावरची लाल गाडी

अहो वहिनी, जरा या की इकडे कुंपणापाशी. शेवग्याच्या शेंगा काढतेय, तुमच्या बाजूला लोंबल्यात त्या तुम्हीच घ्या. बरं, कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं कळलं का? आज सकाळी त्या बाई रिक्षाने स्टेशनला गेल्या. दारात लालभडक स्पोर्ट्स सेडान उभी, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही, आणि बाई रिक्षात! मला राहवलं नाही, विचारलंच. तर म्हणतात, "त्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. उतरते मी कशीबशी, पण वर कोण काढणार?"

नाही हो, कोणी ऐकत नाही. साहेब जिमला गेलेत.

घेतली कशी ते ऐका तरी. साहेब एकटेच गेले शोरूमला. स्टिअरिंग धरलं, स्पोर्ट मोड टाकून हायवेवर एक चक्कर मारली, एक्झॉस्टचा गुरगुराट ऐकला आणि बुकिंग करून आले. बायकोला फोटो दाखवला, रंग कसा वाटतो म्हणून! मागच्या सीटवर कोणी बसून बघितलं नाही, पुढचीसुद्धा नीट मागेपुढे केली नाही. आता म्हणे पंधरा मिनिटं चालवली की डाव्या गुडघ्याला मधल्या कन्सोलची कड टोचते. मग साहेब बाहेर येतात पाय चोळत, आणि आम्हाला सांगतात, जिममध्ये लेग्ज होते.

तुमचा धाकटाही तसलीच बघतोय ना, दसऱ्याला? कुठली, व्हर्टस जीटी? अगं बाई, म्हणजे आपल्या चाकणचीच की! स्लाव्हिया तिची सख्खी बहीण, एकाच कारखान्यातली. दोघींचा व्हीलबेस २६५१ मिलिमीटर. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस, हे त्याला झोपेतही पाठ असेल. ग्लोबल एनकॅपचे पाच तारेही पाठ असतील, २०२३ सालचे. चांगलंच आहे ते. पण तुमच्या घरातली पाच माणसं त्यात मावतात का, हे कुठल्याच कागदावर छापलेलं नसतं.

आमचे धाकटे भावजी चाकणला सीट बनवणाऱ्या कंपनीत आहेत ना, त्यांच्यामुळे मला हे सगळं कळलं. सीट आखताना म्हणे एक पुतळा बसवतात. त्याच्या मांडीचा आणि धडाचा जिथे सांधा, त्याला एच-पॉइंट म्हणायचं, आणि डोक्यावर किती जागा, पेडल किती लांब, सगळी मापं तिथून घ्यायची. पुतळा कसा, तर साधारण ७६ किलोंच्या सरासरी पुरुषाच्या बेताचा. आता तुमच्या सासूबाई चार फूट दहा इंच. त्या पुतळ्याच्या कोण लागतात सांगा! म्हणून म्हणते, त्यांना न्यायचंच शोरूमला. आणि पंजाबी ड्रेस घालून नाही, रोजच्या नऊवारीत. या गाड्या बुटक्या, सीट खाली आणि दाराखालचा उंबरा रुंद. आधी पाठमोरं टेकायचं, मग दोन्ही पाय आत घ्यायचे. आजींना हे कोणी हात न देता जमलं, तर पुढचं बोला. बसताना जमतं हो, उतरताना बघा. छताची कमान मागे उतरलेली असते, डोकं तिथेच आपटतं.

मुलाला सांगा, पहिल्यांदा मागच्या खिशातलं पाकीट काढ. हसू नका. पाकिटावर बसून कमरेचा आधार जोखतात लोक. पार मागे सरकून बसायचं, ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. क्लचची गाडी घेणार असेल तर क्लच दाबून बघायचं. खांदे पाठीला टेकलेले ठेवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं. आणि छाती स्टिअरिंगपासून निदान पंचवीस सेंटिमीटर लांब, आत एअरबॅग असते म्हणून. हेडरेस्टचं टोक डोक्याच्या माथ्याइतकं वर येतंय का, तेही बघायचं. तुमचा मुलगा सहा फुटी, त्यात सनरूफ हवं म्हणतो. सनरूफच्या चौकटीनं डोक्यावरची जागा खाल्ली जाते. सनरूफवालीत आणि बिनसनरूफवालीत, दोन्हींत बसून बघ म्हणावं.

स्पोर्ट्स सीटला दोन्ही बाजूंनी ते उंच काठ असतात ना, वळणावर माणूस घसरू नये म्हणून. आमचे हे मागे एका गाडीत बसले, तर काठांच्या मध्ये जायच्याऐवजी काठांवरच बसले! सेल्समन म्हणतो, सर, सीट मोल्ड होईल. मी म्हटलं, सीट होईल की सर होतील? बारीक पोराला जे घट्ट धरतं ते पन्नाशीच्या माणसाच्या मांडीत रुततं. आणि मऊ सीटवर भाळायचं नाही. पाच मिनिटांत जी गादी गोड वाटते, तीच खंडाळ्याचा घाट उतरेपर्यंत दबून जाते आणि पाठ बोलायला लागते. जरा कडक असलेली बरी. अर्धा तास बसा, इंजिन बंद ठेवून बसा, सेल्समनला काय वाटायचं ते वाटू दे.

हो हो, बघते, भाजी लागली तर वास येईलच. मुख्य गोष्ट राहिलीच.

मुलानं पुढची सीट स्वतःच्या मापानं लावायची आणि मग उतरून त्याच सीटच्या मागे बसायचं. गुडघ्याला जागा असते हो, ती सगळे बघतात, चार बोटं घालून दाखवतात. पावलांचं बघत नाहीत. पुढची सीट पार खाली केली की मागच्या माणसाचे पाय तिच्याखाली जातच नाहीत, आणि या गाड्या चालवणारी पोरं सीट खालीच करून बसतात. वर मागची बैठक उताराला, मांड्या हवेत. मोठ्या गाड्यांतही हेच. बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज भारतात लांब करूनही विकली, ग्रॅन लिमुझिन म्हणून, २०२१ पासून. दोन चाकांमधलं अंतर ११० मिलिमीटर जास्त, सगळं मागे बसणाऱ्याच्या पायांसाठी. पण तिच्यातली सगळ्यात जोरकस, ती एम ३४० आय, ती मात्र आखूडच ठेवली. म्हणजे ज्याला पळायचंय त्याच्या मागे आजी बसणार नाहीत, असं कंपनीनं धरूनच चाललेलं असतं. तुमच्याकडे तर रोज बसणार.

आवाजाचं सांगते. लोक दार आपटून बघतात, धप्प असा भारदस्त आवाज आला की खूश. भावजी हसतात त्याला. तो आवाज मुद्दाम तसा घडवलेला असतो म्हणे, त्यावर माणसं नेमलेली असतात. तुम्ही दार सोडा, डॅशबोर्डच्या खालच्या कडांवर, सीटच्या रुळांजवळ बोट फिरवा. वर नजरेसमोर मऊ मुलामा आणि खाली कडा चाकूसारख्या, असं पुष्कळ ठिकाणी असतं. दाराच्या आतल्या पॅडवर अंगठा दाबून बघा, कुरकुरतं का. आणि चक्कर मारायची ती त्यांच्या गुळगुळीत रस्त्यावर नाही, आपल्या तळेगाव-चाकण रस्त्यावर. गाणी बंद, पंखा एकवर, काचा वर. खडखड आली तर लगेच गाडीला नाव ठेवू नका, कधी कधी मागच्या रिकाम्या पट्ट्यांची बक्कलं प्लॅस्टिकवर आपटत असतात. ती लावून टाका, मग ऐका. तरीही वाजलं, तर ते घरी येऊनही वाजणारच.

टायर? आता तुम्ही बरोबर मुद्द्याला हात घातलात. २०५/५५ लिहिलं असेल तर रबराची भिंत ११३ मिलिमीटरच्या आसपास, आणि २२५/४० असेल तर नव्वदच. मधला आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, एवढंच. भिंत जितकी बुटकी तितका खड्डा थेट कमरेत. कोपऱ्यावरच्यांनी तर घेतल्याबरोबर मोठी रिंग टाकली. दिसते छान, खरंच छान दिसते, नाही कशाला म्हणू?

आणि आतून काळीकुट्ट गाडी बघायला सकाळी अकराच्या एसीत जायचं नाही. उन्हात उभी करायला सांगा दुपारी दोनला. गिअरचा नॉब धातूचा असेल तर धरून बघा. हवा खेळणाऱ्या सीटचे जास्तीचे पैसे मोजून वर जाडजूड कव्हर घालणारे मी पाहिलेत, मग हवा कुठून यायची? त्यातून बाजूची एअरबॅग सीटच्याच काठातून फुटते. भलतंच कव्हर घातलं की तिची वाट अडते. कोपऱ्यावरच्यांच्या प्लॅस्टिकबद्दल मी बोलले त्यांच्याशी, पण नवी गाडी आहे, दिवाळीपर्यंत राहू दे म्हणाले.

जुनी? जुनी घ्यायचा विचार असेल तर चालकाच्या सीटचा उजवा काठ आधी बघा, दाराकडचा. चढता-उतरता त्यावरच घासतात सगळे. काट्यावर वीस हजार किलोमीटर आणि काठ चपटा होऊन शिवण उसवलेली, म्हणजे काटा खोटं बोलतोय नाहीतर मालक.

बरं, रविवारी जाताय ना? मुलगा चालवेल, तुमचे हे पुढे, आजी एका खिडकीशी, तुम्ही दुसऱ्या. मधे राहिला तो उंचवटा. खालून बोगदा गेलेला असतो, पाय दोन्हीकडे फाकवून बसावं लागतं आणि पाठीला मागचा तो आर्मरेस्ट टोचतो. त्या जागेवर बसून बघायला कोणी तयारच होत नाही, आणि लग्नाला जाताना नेमकं तिथे कोणाला तरी बसावं लागतं. मी येते की. दहाला हाक मारा, तयार असेन.