इलेक्ट्रॉनिक्सला कुठे जावे: बऱ्हाणपुरी नियमावली

नियम 1. निकाल हाती येईपर्यंत काकांना कळू देऊ नये. काका स्वतः बी.कॉम., पण इंजिनिअरिंगवर त्यांचा शब्द शेवटचा. ‘इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे टीव्ही दुरुस्तीच ना?’ या प्रश्नाला उत्तर देत बसू नये.

नियम 2. ‘जळगावलाच घाल, आपला मराठी मुलूख,’ असे काका म्हणतीलच. तिथले सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 चे, गाडीही सोयीची. पण महाराष्ट्राच्या कोट्याला तिथले डोमिसाईल लागते, आणि बऱ्हाणपूर पडले मध्य प्रदेशात. कर्नाटकाच्या वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने वेगळी सोय ठेवली आहे; बऱ्हाणपूर त्या वादात नाही, तेव्हा घरात पिढ्यानपिढ्या मराठी बोलूनही पोरगा परप्रांतीयच. मग असीरगडचा घाट चढून इंदूर गाठावे. तिथले एसजीएसआयटीएस 1952 पासून उभे आहे.

नियम 3. फॉर्म भरताना अक्षरे नीट वाचावीत. मध्य प्रदेशात ईसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, ईएक्स म्हणजे इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स. काकांच्या मते दोन्ही एकच. सर्किट आवडते त्याने ईसी घ्यावे, मोटर आणि ट्रान्सफॉर्मर आवडतात त्याने ईएक्स.

नियम 4. गणित चुकवायला ही शाखा घेऊ नये. फूरिए गाठतोच.

नियम 5. दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा करून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. काका याला मागचे दार म्हणतात. म्हणोत बापडे! अकरावी-बारावीची पोरे जेईईची गाइडे घोकत असतात, तेव्हा डिप्लोमावाल्याच्या हातात सोल्डरिंग गन असते. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक ट्रेडही हलका समजू नये.

नियम 6. कॉलेज बघायला गेल्यावर इमारत बघू नये, लॅब बघावी. ऑसिलोस्कोप कपाटात कुलूपबंद असेल, तर चहा पिऊन परत फिरावे.

नियम 7. तोवर आपल्या पॉवरलूमच्या गावात डोळे उघडे ठेवावेत. ज्या मागाला इलेक्ट्रिक वार्प-स्टॉप असतो, त्याच्या ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक बारीक पट्टी लोंबत असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, सर्किट पूर्ण होते, माग थांबतो. पहिल्या सेमिस्टरचा निम्मा धडा तिथेच फुकट मिळतो.

नियम 8. पहिल्या सुट्टीत काका बंद पडलेला स्टॅबिलायझर घेऊन येतील. नाही म्हणू नये. प्लग काढून आधी फ्यूज बघावा, मग रिलेचे काळे पडलेले पॉइंट. मजुरी मागू नये. मावा जलेबी मागावी, आणि सोबतच्या गोड दराब्यावर मुळीच तडजोड करू नये.