चोवीस कॅरेट पाणी

सोनं गाळणाऱ्या माणसाला जगात काहीच शुद्ध दिसत नाही. चेन्नईच्या सौकारपेटेत आमच्या सांगली जिल्ह्यातली गलाई मंडळी आहेत. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळाने त्यांच्या आजोबा-पणजोबांना घराबाहेर काढलं आणि मूस, भट्टी, तेजाब घेऊन ती हिंदुस्थानभर पसरली. अण्णा त्यांतलेच. आडनाव सांगत नाही, कारण एकाचं सांगितलं तर बाकीचे अण्णा रुसतील.

अण्णांच्या बोटांवर कायम काळे डाग. सोन्यातली चांदी तेजाबात विरघळवली की सिल्व्हर नायट्रेट तयार होतं आणि ते कातडीला लागलं की डाग आठवडाभर हलत नाही. पाहुणे हात मिळवताना बिचकतात. अण्णांना त्याचं काही नाही. खरी काळजी त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या रेडिएटरची. कूलंट बदलायची वेळ आली की अण्णांच्या घरात लग्नघराची गडबड सुरू होते आणि मुलगी बघायला जावं तसे ते पाणी बघायला निघतात.

पुरसवाक्कमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टेबलावर काचेचे पेले रांगेत मांडलेले असतात. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात मेट्रो वॉटरच्या टँकरचं, तिसऱ्यात वीस लिटरच्या कॅनचं, चौथ्यात घरच्या आरओचं, पाचव्यात एसीच्या नळीतून ठिबकलेलं आणि शेवटी दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड. प्रत्येकात अण्णा सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब सोडतात. बोअरचं पाणी क्षणात ताकासारखं पांढरं होतं.

"बघ. चौदा कॅरेट बी न्हाई."

मेट्रो वॉटर अठरा, कॅन बावीस, आरओ बावीसच्या थोडं वर. एसीचं पाणी जवळजवळ नितळ राहतं, पण अण्णा त्यालाही नापास करतात. "ह्यात मीठ न्हाई, पर कॉइलवरची धूळ, शेवाळ समदं आलं. वर तांब्या-ॲल्युमिनियमवरनं घसरत आलंय." डिस्टिल्ड मात्र जसंच्या तसं. "हे चोवीस."

हा खेळ वेडेपणाचा वाटतो, पण त्यातलं रसायन पक्कं आहे. चांदीचा थेंब पाण्यातलं क्लोराइड पकडतो आणि हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला बारीक भोकं पाडणारं क्लोराइड तेच. कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या थेंबाला सापडत नाहीत. त्यांच्यासाठी अण्णांच्या खिशात पेनाएवढा टीडीएस मीटर असतो. तो क्षार नुसते मोजतो, त्यांची नावं सांगत नाही, पण अण्णांना तेवढ्यावर निकाल देता येतो. जड पाणी गरम इंजिनात फिरलं की आतून पुटं चढतात आणि बारीक नळ्या चोंदतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, लिटरमागे ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार चालतात. "माणसाला चालतंय," अण्णा म्हणतात, "माणूस रोज मुततो. इंजिन मुतत न्हाई."

पेल्यांतला पांढरा साका मात्र फेकला जात नाही. तो गाळून पुन्हा भट्टीकडे जातो. चांदी ती चांदी.

काकूंचं म्हणणं एकच असतं. "मला कॅनचं पाणी न् गाडीला डिस्टिल्ड! पुढच्या जल्मी तुमची गाडीच होते मी." यावर अण्णा गंभीरपणे समजावतात की डिस्टिल्ड पाणी पिण्यात तसा अर्थ नाही. काकूंना उत्तर नको होतं, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

एकदा मी विचारलं, "अण्णा, तेलुगू गंगेतून चेन्नईला येतं ते पाणी तर आपल्या कृष्णेचंच. तेही चालत नाही?" अण्णांनी कानाला हात लावले. टेंभू योजनेतून त्यांच्या गावाकडे चढतं ते पाणी कृष्णेचं आणि १९९६ पासून कालव्याने पूंडीच्या तलावात येतं तेही कृष्णेचं. "आरं, कृष्णामाईला रेडिएटरात उकळू व्हय?"

पुदुपेटचा मेकॅनिक या भक्तीपुढे हात टेकतो. "तण्णी ताने, अण्णा!" म्हणजे पाणीच ना ते! त्याचा मुद्दा असा की चेन्नईत कधी बर्फ पडत नाही. इथलं नोंदलेलं नीचांकी तापमानसुद्धा १३.९ अंश. मग कूलंट हवंय कशाला? अण्णा लगेच ३१ मे २००३ काढतात. त्या दिवशी शहरात पारा ४५ अंशांवर होता. कूलंटमधलं ग्लायकोल गोठण बिंदू खाली नेतं तसा उकळबिंदू वर नेतं आणि त्यातली गंजरोधक द्रव्यं धातू सांभाळतात. नुसतं शुद्ध पाणी कायम ठेवलं तर तेही हवा शोषून किंचित आम्ल होतं आणि धातू खायला लागतं. थोडक्यात, चोवीस कॅरेटचा दागिना टिकत नाही, त्यात काहीतरी मिसळावंच लागतं. हे गलाईवाल्याला शिकवायची गरज नाही.

शेवटी तह होतो. जुनं कूलंट काढून पहिल्या धुण्या साध्या पाण्याच्या. हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, थर्मोस्टॅट उघडून वरचा होज तापेपर्यंत इंजिन चालवायचं, गार करायचं, सोडून द्यायचं. पाणी स्वच्छ आलं की शेवटच्या धुण्या डिस्टिल्डच्या. मेकॅनिक कूलंटचा डबा पुढे करतो आणि डब्यावर लिहिलेलं असतं : तयार मिश्रण, पाणी घालू नये. मेकॅनिक पोट धरून हसतो. अण्णा शांतपणे विचारतात, "आन् ब्लॉकात, हीटरच्या नळ्यांत जे उरलं, ते कंचं पाणी?"

मेकॅनिकचं हसू थांबतं.

२०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले, बायका रंगीत घागरी घेऊन टँकरपुढे उभ्या राहिल्या आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आलं. त्या वर्षी अण्णांनी ना गाडी धुतली, ना रेडिएटर. पेले कपाटात गेले. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला पाण्याचा कस कधी काढायचा आणि कधी नाही, हे कळतं.

तेव्हा अण्णांना हसा, पण त्यांचं ऐका. पहिल्या धुण्या कुठल्याही बऱ्या पाण्याने करा, शेवटची मात्र डिस्टिल्डने. कूलंट घट्ट असेल तर डब्यावर दिलेल्या मापाने डिस्टिल्डच मिसळा, तयार असेल तर काही मिसळू नका. रेडिएटरची टोपी गरम असताना उघडू नका. आणि जुनं कूलंट गटारात ओतू नका. ते चवीला गोड असतं, रस्त्यावरचं कुत्रं चाटतं आणि जिवाला मुकतं.