पत्रा तोच, पुण्य वेगळं

नव्या मोटारीच्या माहितीपत्रकात आता एक हिरवं पान उगवलं आहे. मायलेजच्या खाली, सनरूफच्या वर. शेजारी दोनच शब्द: हरित पोलाद. हे पीक युरोपात आधी आलं, म्हणजे आपल्याकडे येणारच. पान पाहून गिऱ्हाइकाला वाटतं, कुणीतरी कोळसा सोडून हायड्रोजनवर लोखंड केलं आणि त्याचाच पत्रा आपल्या डिकीला लागला. तसं पोलाद होतं, स्वीडनमध्ये करून दाखवलेलं आहे. पण जगाच्या उत्पादनात ते अजून नखभरही नाही. पानाखालचा पत्रा पुष्कळदा त्याच जुन्या झोतभट्टीतला, त्याच कोकवरचा, टनामागे दोन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड सोडून आलेला असतो. हिरवं असतं ते प्रमाणपत्र. कारखान्यानं इकडे थोडं भंगार जास्त घातलं, तिकडे थोडा कोळसा वाचवला. ही सगळी बचत एका वहीत गोळा करायची आणि जादा पैसे मोजणाऱ्याच्या मोजक्या टनांवर चढवायची. या हिशेबाला ‘मास बॅलन्स’ म्हणतात. घरातली पाच माणसं मटण ओरपतात, एकटी सूनबाई एकादशी धरते आणि पुण्य सगळं मामंजींच्या खात्यावर, कारण पैसे त्यांनी मोजले. मामंजींच्या मिशीला रस्सा लागलाय, पण हातात निर्जळी उपवासाचा दाखला आहे, तोही सहीशिक्क्याचा. आता उरलेल्या चौघांच्या नावावर रीतसर थोडं जास्त मटण लिहायला नको का? पण ‘साहेब, तुमच्या पाइपाचं पुण्य मोटारवाल्यानं नेलं, तुमच्या वाट्याला जास्तीचा धूर’ असं सांगून त्याच कारखान्याचा पाइप विकणारा विक्रेता अजून जन्माला यायचाय.

यावर म्हणतात, पवनचक्कीची वीज तरी कुठे वेगळ्या तारेतून येते? खरं आहे. पण तिथे निदान पवनचक्की कुठेतरी उभी असावी लागते. इथे जे काटकसर म्हणून आपोआप घडलं असतं, त्यालाच पान चिकटवता येतं. या पैशातून उद्याची स्वच्छ भट्टी उभी राहील, असंही सांगतात. मग तसं लेखी द्या ना! त्याच पैशात जुन्या झोतभट्टीचं अस्तर बदललं, तर ती आणखी १५-२० वर्षं धूर ओकणार आणि पान दरसाल ताजं राहणार. खरं हरित पोलाद परवडत नाही, ही तर शुद्ध थाप आहे. साधारण मोटारीत ९०० किलो पोलाद धरा, किलोला ६० रुपये धरा, म्हणजे ५४ हजार. ते ३० टक्क्यांनी महागलं तरी वाढ १६ हजारांच्या आसपास. दहा लाखांची गाडी घेणारा आरटीओत पसंतीच्या नंबरासाठी कधीकधी याहून जास्त मोजतो. आणि हे पान मिरवायला निघालेलं वाहन पाहा: एका माणसाला भाजीपर्यंत नेणारं दोन टनांचं धूड! त्यातला पाव टन पत्रा कमी केला असता, तर प्रमाणपत्र न छापताच त्यासाठीचा कोळसा जमिनीत राहिला असता. पण हलक्या गाडीला पान कोण लावणार?

तेव्हा शोरूममध्ये कुणी पानावर बोट ठेवलं, तर एवढंच विचारा: हा पत्रा कुठल्या भट्टीतला, आणि तिला कोळसा किती लागतो? उत्तराऐवजी प्रमाणपत्र पुढे आलं, तर पानाचे पैसे कापून घ्या.