श्वाइन आणि शाकाहारी

म्युनिकमध्ये आठ महिने काढल्यावर मला एकच जर्मन शब्द पक्का येत होता: 'श्वाइन', म्हणजे डुक्कर. मेन्यूकार्डात तो दिसला की ती ओळ ओलांडून पुढे जायचं. वेटरसाठी एक वाक्यही पाठ होतं, "इश बिन वेगेटारिअर."

28 ऑगस्ट 2018. ऑफिसातला सहकारी तापानं आडवा झाला आणि त्याचं तिकीट मला मिळालं. अलियान्झ अरेना, बायर्न म्युनिक विरुद्ध शिकागो फायर. "आपण बायर्नचे," एवढंच तो खोकत म्हणाला. मी क्रिकेटवर वाढलेला. आपले कोण ते कळलं की मला ओरडता येतं.

शिकागोकडून 31 नंबरचा एक पिकल्या केसांचा गडी खेळत होता. चेंडू सारखा त्याच्याकडेच. मी घसा ताणून ओरडलो, "अरे, त्या एकतीसला पाडा!" शेजारी लाल मफलरवाल्या आजी होत्या. त्यांनी अर्थ विचारला. मी इंग्रजीत, वर हातवारे करून सांगितला. चपला घालून देवघरात शिरलेल्याकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मध्यंतरात प्रेत्झेल घेऊन परततो, तर तोच एकतीस आता बायर्नकडून! "फितूर झाला की काय?" मी आजींनाच विचारलं.

मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत माझी शिकवणी झाली. सामनाच मुळी त्याच्या निरोपाचा. नाव बास्टियान श्वाइनश्टायगर. 2015 पर्यंत बायर्नचा. 2013 चा चॅम्पियन्स लीग करंडक त्यांनी एका वाक्यात उरकला. 2014 च्या विश्वचषक फायनलमध्ये डोळ्याखालून रक्त येत असताना तो खेळत राहिला, हे सांगताना स्वतःच्या गालावरून बोट फिरवलं. पण सगळ्यात जास्त रमल्या त्या 2012 मध्ये. याच मैदानावर, चेल्सीविरुद्धच्या फायनलमध्ये, त्याची पेनल्टी खांबावर आदळली होती. पोरगं पहिलं आलेलं वर्ष आई विसरेल, नापास झालेलं नाही.

83व्या मिनिटाला त्यानं गोल केला आणि 75 हजारांचं स्टेडियम गरजलं, "श्वाइनश्टायगर! फुसबालगॉट!" फुटबॉलचा देव! आठ महिने जो शब्द ताटाबाहेर ठेवला, तोच मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो.

निघताना आजींनी पाठ थोपटली. माझं तिकीट फुकटचं, हे एव्हाना त्यांना कळलं होतं. "झी हाबेन श्वाइन गेहाब्ट!"

मला फक्त 'श्वाइन' ऐकू आलं. हातातल्या प्रेत्झेलकडे दचकून बघत मी पाठ केलेलं वाक्य ठणकावलं, "नाइन! इश बिन वेगेटारिअर!"

अख्खी रांग खो खो हसली. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यानं उलगडा केला: जर्मनमध्ये 'श्वाइन लाभलं' म्हणजे नशीब फळफळलं.

आजींना आता कोण समजावणार? म्युनिकमध्ये एक भारतीय आहे, त्याला नशीब चालत नाही. तो शाकाहारी आहे.