पालथेकाका

हे गृहस्थ तुमच्या ओळखीत नाहीत असं होऊच शकत नाही. फार तर तुमचे काका जुनी नाणी ओळखत असतील, किंवा कुलपं. आमचे, म्हणजे टोकियोतल्या निशी-कासाईचे काका, जपानी सैनिकांचे साकेचे प्याले ओळखतात. आणि प्याला ओळखायचा तर आधी तो पालथा घालायचा, हा त्यांचा दंडक. मातीचा रंग, बुडाची खरखरीत कड, कुंभाराचा शिक्का, सगळी कुंडली म्हणे बुडाशी असते.

सवय प्याल्यांपाशी थांबली असती तर तक्रार नव्हती. गणपतीच्या जेवणाला त्यांनी यजमानांची चिनीमातीची वाटी अशीच तपासली. वाटीत कढी होती. "सेतोच्या भट्टीची नाही," असा निकाल देऊन त्यांनी ती परत ठेवली आणि माझी विजार भिजलेली पाहून म्हणाले, "सरक जरा, उजेड अडतोय." त्यानंतर ते येणार म्हटलं की आमच्याकडे चहा कागदी कपात होतो. कागदी कपही त्यांनी एकदा उलटा केलाच.

सेतागायाच्या बोरोइचीला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या १५-१६ तारखांच्या जुन्या बाजाराला, त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा आहे. प्रत्येक प्याल्यापाशी धडा: तारा म्हणजे लष्कर, नांगर म्हणजे आरमार, साकुराचं, म्हणजे चेरीचं, फूल कुठेही. इसवी सन काढायचा तर तायशो राजवटीच्या वर्षात १९११ मिळवा, शोवाच्या वर्षात १९२५. 'रेजिमेंट'चं अक्षर जुनं, भरगच्च हवं. युद्धानंतरचं सुटसुटीत दिसलं की नकली समजा. आणि आडवी ओळ उजवीकडून डावीकडे वाचा! हे ते इतक्या जोरात सांगतात की एकदा शेजारच्या बाईंनी घाबरून स्वतःच्या दुकानाची पाटी उलटी वाचून पाहिली.

विक्रेते मात्र त्यांना टरकून असतात. एकाने तारा असलेल्या प्याल्यावर 'कामिकाझे' अशी चिठ्ठी लावून किंमत चढवली होती. काकांनी प्याला पालथा घातला, सुलटा केला आणि व्याख्यान सुरू केलं. कामिकाझे, म्हणजे आत्मघाती विमानहल्ले, १९४४च्या ऑक्टोबरात, फिलिपिन्सच्या लढाईत सुरू झाले. हा प्याला तायशोच्या काळातला, आणि त्यावर लिहिलंय 'सेवामुक्तीची आठवण'. मरायला निघालेला माणूस सेवामुक्तीचे प्याले कधी वाटणार? विक्रेत्याने शांतपणे सांगितलं, "घरी परत आलेल्याचा प्याला परदेशी पाहुणे घेत नाहीत." काका त्यावर गप्प बसले. हा प्रसंग दुर्मिळ म्हणून नोंदवतो.

कारण हे प्याले मुळात परत आलेल्यांचेच. पोरगा सैन्यात निघाला की शेजारीपाजारी हातावर पैसे ठेवायचे. मुदत संपवून तो घरी आला की रेजिमेंटचा आकडा आणि आपलं आडनाव घातलेले प्याले करवून घ्यायचा आणि त्या सगळ्यांना वाटायचा. आपल्याकडे मुंजीच्या भांड्यांवर नाव घालून वाटतात ना, तसंच. म्हणजे बाजारातला असला प्रत्येक प्याला सांगतो की कोणाच्या तरी घरचा मुलगा धडधाकट परतला. त्यातल्या काहींना १९३७ नंतर पुन्हा बोलावलं गेलं. दुसऱ्या खेपेचा प्याला प्रत्येकाच्या घरून आला नाही.

हे सांगताना काका प्याला चक्क सुलटा धरतात.

टवका उडालेले, कोणी हात न लावणारे प्यालेच ते का घेतात, ते मला तेव्हा कळलं. कढीबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही, पण त्यांची पिशवी घरापर्यंत धरू लागलो. कोणाच्या घरातलं आडनाव रस्त्यावर विकायला येतं, याची चीड माणसाला यावी, तर ती बहुधा अशा बिनकामाच्या माणसालाच येत असावी.

गेल्या मार्चमध्ये काकांची कंपनीतली मुदत संपली आणि ते डोंबिवलीला परतले. निघण्याआधी घरोघर फिरून त्यांनी प्रत्येकाला एकेक प्याला दिला: पांढराशुभ्र, मध्ये साकुरा, खाली देवनागरी अक्षरं. आमच्या हिने तो दिव्यापाशी नेऊन दोनदा वाचला.

"हा 'टभे मप्रेस' कुठला हो? छापखाना का?"

सप्रेम भेट, उजवीकडून डावीकडे.