कप्तानसाहेब

ज्या चांदवडात होळकरांचा रंगमहाल अद्याप उभा आहे आणि ज्याच्या टांकसाळीतला चांदवडी रुपया एके काळी बाजारात खणखणत असे, त्या गावातून राज्यकारभाराची विद्या पार लोपली, असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या कप्तानसाहेबांचे एकवार दर्शन घ्यावे. वय विशीच्या आगेमागे, विद्या अभियांत्रिकीची (ती पुरी होईल तेव्हा होईल), आणि मुलूख माडीवरच्या संगणकाच्या पडद्याएवढा. अशी मूर्ती हल्ली आळीआळीत आढळते.

पोलंडातील एका कंपनीने 2018 साली काढलेल्या ‘फ्रॉस्टपंक’ नामक खेळात, 1886 साली हिमाने गोठलेल्या जगात, कोळशाच्या एका अजस्र यंत्राभोवती जमलेल्या 80 जीवांचा भार खेळणाऱ्याच्या, म्हणजे कप्तानाच्या शिरावर येतो. कोळसा, लाकूड, पोलाद, शिधा यांचा बंदोबस्त राखता राखता फर्माने काढावयाची: पोरांना कामास जुंपावे की आश्रयगृहात ठेवावे, शिधा अपुरा पडला तर नुसते कढण वाढावे की अन्नात लाकडाचा भुसा मिसळावा. रयतेची आशा आटली किंवा असंतोष काठोकाठ भरला, की कप्तानाची उचलबांगडी ठरलेली. एरवी दारच्या कुत्र्यालाही ‘हाड’ न म्हणणारे आमचे साहेब मजुरांवर सलग चोवीस तासांची पाळी लादताना पापणीही लववीत नाहीत. ‘‘कोळसा संपला तर सगळेच मरतील, काकू,’’ असे ते शेजारणीला समजावतात. ती बिचारी गॅस संपला असे समजून परत जाते.

खरा कारभार मात्र खालच्या मजल्यावर चालतो. उन्हाळ्यात तालुक्यातील कित्येक गावे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून असतात, तेव्हा मातोश्री पिण्याचे पाणी कळशीत, वापराचे निळ्या पिंपात आणि भांडी विसळलेले शेवग्याला, असा शिरस्ता घालून देतात. चाळीतला कांदा निवडताना डागी निघेल तो आधी भाजीत जातो. त्यांच्या दफ्तरी असंतोष दाखविणारी रंगीत पट्टी नसते, तो भांड्यांच्या आवाजावरून ओळखावा लागतो.

परवा ऐन हिमवादळात खालून हाक आली, ‘‘पाणी सुटलं रे!’’

‘‘आलोच, थांबवतो जरा.’’

‘‘काय थांबवतोस? नळ थांबतो का?’’

कप्तान निमूटपणे खाली आले, नळी धरून पिंपे भरू लागले, आणि रात्री आमटी पातळ दिसताच त्यांनी प्रजेस साजेशी कुरकूर केली. ‘‘तुझ्या गावात भुसा घालतात म्हणे,’’ एवढेच बोलून मातोश्रींनी वाटीत आणखी एक पळी ओतली.